अरण्याच्या पडद्याचा उजवा कोपरा

मी, कालिंदी नृसिंह मुरगूडकर, वय शेहेचाळीस, व्यवसाय शिक्षिका आणि जमेल तेव्हा लेखन, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, आज शनिवार दिनांक ८ सप्टेंबर १९७९ रोजी माझ्या मागे उरणाऱ्या वस्तूंची, आणि उरू नयेत अशा काही गोष्टींची, व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. वकील गणपतराव हळदकर यांनी त्याची खात्री करून घेण्यासाठी मला तेराचा पाढा म्हणायला लावला, तो मी म्हटला. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून आणणारे निघाले असते, म्हणून मी आधी कोणाला सांगितले नाही.

येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही," आणि लगेच विचारले, "घरी कोण कोण असतं?" माझे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. मूल झाले नाही. भिंतीपलीकडे माझे धाकटे दीर अंबादास आणि जाऊ लीला राहतात, पण डॉक्टरांना मी "कोणी नाही" असेच सांगितले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दहा वर्षांपूर्वी केले असते तर अंबादासभाऊजींना सगळे देऊन बसले असते. आळशीपणाचाही कधीकधी उपयोग होतो.

कलम १. घर. वाटणीत माझ्या यजमानांकडे आलेल्या आणि त्यांच्या पश्चात माझ्या नावावर झालेल्या रस्त्याकडच्या दोन खोल्या व पुढची पडवी मी कृष्णात रामू पोवार, पडदे रंगवणारे, यांना देते. अट एकच. पावसाळ्याचे चार महिने तिथे पडदे रंगवले गेले पाहिजेत. रंगात घालायचा सरस शिजवताना जनावराच्या कातड्याचा जो वास सुटतो, तो मधल्या दारातून भाऊजींच्या मागच्या घरात जातो आणि जेवणाच्या पाटापर्यंत पोचतो. मला याची कल्पना आहे. मधले दार बंद करण्याचा हक्क मी कृष्णातला देत नाही.

कलम २. धंदा. 'कालिंदी सीन-सिनरी' या नावाने मी सन १९६१ पासून चालवलेला, नाटकांचे रंगवलेले पडदे भाड्याने देण्याचा धंदा कसा सुरू झाला हे इथे लिहावे लागते, कारण भाऊजींच्या मंडळाच्या अहवालात ते वेगळेच छापले गेले आहे.

यजमान सरकारी कचेरीत होते. त्यांना धंदा करता येत नव्हता, म्हणून परवाना माझ्या नावे निघाला. पेठेत पडदे रंगवणारे चार-पाच जण होते. दिवाळीपासून जत्रा संपेपर्यंत त्यांना खायला फुरसत नसे आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत खायलाच नसे. पावसात नाटक मंडळ्या बंद, शाळांची स्नेहसंमेलने बंद. ज्याच्या हातून राजवाडा उतरायचा तो माणूस आषाढात हमाली करताना मी पाहिला. माझे म्हणणे इतकेच होते की हंगामात पडद्यांच्या भाड्यातून बाजूला ठेवावे आणि पावसाळ्यात त्यांना पगार देऊन जुने पडदे धुऊन नवे रंगवून घ्यावेत. यजमान म्हणाले, "हे दानधर्मासारखं दिसतंय." मी म्हटले, "दान नव्हे, धंदाच. फक्त बारा महिन्यांचा." माझ्या पाटल्या मोडून मांजरपाटाचे तागे आणले.

आमचे पडदे पाण्यात कालवलेल्या रंगाचे. तीन-चार वर्षांत ते मळले की पंचगंगेच्या घाटावर नेऊन धुवायचे. जंगल, महाल, देऊळ, सगळे अर्ध्या तासात वाहून जाते आणि हातात पांढरा कपडा राहतो. मग कोणता कपडा कोणाच्या हातचा यावरून घाटावरच भांडणे होत. म्हणून मी पहिल्याच वर्षी नियम केला. कोऱ्या कपड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याने आधी आपले नाव तेलरंगाने लिहायचे. त्यावर मग पाण्याच्या रंगाचे चित्र. चित्र पुरे झाले की तेच नाव पुन्हा वर, लोकांना दिसेल असे. वरचे नाव पाण्याने जाते. खालचे जात नाही. घाटावर आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते.

अंबादासभाऊजी घाटावर कधी आले नाहीत. त्यांच्या विजारीची इस्त्री मोडे.

कलम ३. बयाबाई. बयाबाई सखाराम कांबळे, मूळ राहणार मलकापूर, ही विधवा बाई सन १९६२ मध्ये माझ्याकडे सरस शिजवायला आणि काव, पिवडी असले मातीचे रंग कुटायला लागली. एका श्रावणात रंगाऱ्यांपैकी एक जण तापाने पडला आणि त्याचे अर्धे जंगल तसेच टांगलेले राहिले. दुसऱ्या दिवशी पाहते तो जंगल पुरे झालेले. बाकीचे रंगारी पिढ्यान् पिढ्या एकच झाड काढत, फुलकोबीसारखे. या जंगलात हिरडा ओळखू येत होता, किंजळ ओळखू येत होता, एका खोडावर वीज पडल्याची खूण होती. मी विचारले, "बयाबाई, हे कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात बाई? आंबा घाटाच्या रानात लाकडं गोळा करत हिंडलीया मी धा वरसं. जे मोडून आनलं तेच काडलं."

तिला लिहिता येत नव्हते. कोपऱ्यात नाव घालायचे म्हणून मी तिला बाराखडी शिकवायला बसले. नाव लिहिण्यापुरती अक्षरे आल्यावर ती म्हणाली, "बास. जास्तीची काय करू?" नावापुढे ती किंजळाचे एक पान काढी. अरण्याचा मोठा पडदा, अठरा हात लांब, तिने सन १९६८ च्या पावसाळ्यात रंगवला. तो इतका चांगला उतरला की पुन्हा धुवायला काढण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. त्यामुळे तिचे रान अजून तसेच आहे, आणि त्याखाली कोपऱ्यात तेलरंगातले नाव आणि पानही. वर काय झाले ते पुढे लिहिते.

कलम ४. अंबादास. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे दीर अकरा वर्षांचे होते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या दिवसापासून अहो-जाहो म्हणत आले. "भाऊजी, हात धुतलेत का," "भाऊजी, पाटी दाखवा." शनिवारी त्यांच्या डोक्याला तेल लावून देताना ते माझ्या गुडघ्यावर डोके ठेवून झोपी जात. हे मी विसरलेली नाही. विसरले असते तर हे मृत्युपत्र एका पानात झाले असते.

सन १९६३ पासून बाहेरचे व्यवहार ते बघू लागले. नाटक मंडळ्यांच्या मालकांशी बोलायला मास्तरीणबाई कशाला, असे सगळ्यांचेच म्हणणे होते आणि माझेही. ते बोलायला गोड. त्यांनी राजारामपुरीत 'करवीर रंगपट मंडळ' काढले, कलावंतांना आधार देण्यासाठी. माझे सात मोठे पडदे त्यांनी मंडळाच्या सभागृहात लावायला नेले. "वापरण्यासाठी घेतले, मालकी वहिनींची" अशी त्यांच्या हातची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे आणि या कागदासोबत गणपतरावांकडे देत आहे. अध्यक्ष झाल्यावर अशा चिठ्ठ्यांचा माणसाला विसर पडतो.

सन १९७२ मध्ये दिल्लीला प्रदर्शन ठरले. अरण्याचा पडदा जायचा होता. भाऊजींनी कृष्णातला बोलावून कोपऱ्यावर मातीचा रंग मारायला आणि वर 'अंबादास मुरगूडकर' असे लिहायला लावले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, नाव कुणाचं का असेना, कला कोल्हापूरची. बयाबाईचं नाव घातलं तर दिल्लीवाले विचारतील ही कोण. सरस ढवळणारी म्हणून सांगू?"

मी म्हटले, "सांगा की."

ते हसले. लहानपणी पाटी न दाखवता हसत तसेच.

कृष्णात त्या संध्याकाळी पडवीत येऊन बसला. हाताला लागलेला मातीचा रंग नखाने काढत राहिला. मग म्हणाला, "वैनी, सांगतील ते करावं लागतंय. पर खालचं म्या खरवडलं न्हाय. वरचं वर ऱ्हाऊ दे म्हटलं, खालचं खाली."

कलम ५. माझे लेखन. माझ्या दोन कथासंग्रहांचे हक्क मी माझ्या शाळेच्या वाचनालयाला देते. फारसे काही मिळणार नाही. अप्रकाशित वह्या कृष्णातने सरस शिजवताना चुलीत घालाव्यात, आधी वाचू नयेत.

एक लेखन मात्र मी परत घेते. त्या दिल्लीच्या प्रदर्शनाचे माहितीपत्रक, ज्यावर लेखकाचे नाव नाही, ते मी लिहिले आहे. "अंबादास यांच्या कुंचल्याने सह्याद्रीचे रान जसेच्या तसे उचलून आणले आहे" हे वाक्य माझे आहे. त्या वर्षी यजमान अंथरुणाला खिळले होते. त्यांना दवाखान्यात नेणे-आणणे भाऊजी करत होते. एका दुपारी रिक्षातून यजमानांना उतरवून घेतल्यावर भाऊजी घाम पुसत म्हणाले, "वहिनी, तेवढं चार ओळी लिहून द्या." मी चार ओळी म्हणता म्हणता चार पाने लिहिली. चांगली लिहिली. भाऊजींनी बयाबाईचे नाव एका कोपऱ्यातून घालवले. मी ते चार पानांतून घालवले, तेही शुद्ध मराठीत. भाऊजींचा सूड मी घेते आहे तसा माझाही घ्यावा लागेल, म्हणून हे इथे साक्षीदारांसमोर कबूल करते. हे कलम मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे.

कलम ६. चहाचा प्रसंग. सन १९७५ मध्ये मंडळात परदेशी पाहुणे आले होते. गरीब देशांतल्या कलावंतांना कसे उभे करावे, यावर दोन दिवस भाषणे झाली. भाऊजी त्यावर पाऊण तास बोलले. पावसाळी पगाराची माझी कल्पना त्यांनी फार सुरेख मांडली, मला स्वतःला इतकी मांडता आली नसती. तो पगार त्यांनी १९७१ मध्येच बंद केला होता, हे सांगायचे राहून गेले.

त्या सभागृहात चहा द्यायला बयाबाई होती. मंडळाने तिला त्या कामावर ठेवले होते, आणि कलावंतांना आधार दिल्याच्या अहवालात तिची गणना केली होती. एक उंच पाहुणे अरण्याच्या पडद्यापुढे बराच वेळ उभे राहिले. बयाबाईने त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी भाऊजींना खुणेने विचारले, हे कोणी काढले? भाऊजींनी आपला उजवा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली, नम्रपणाने.

बयाबाई ट्रे घेऊन आत आली. मी बशा पुसत होते. ती म्हणाली, "बाई, माझी झाडं त्येंनी कवा लावली वो?"

मी पुढची बशी पुसायला घेतली. चार वर्षे मी त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे लांबवले आहे.

कलम ७. शब्द. मी गप्प का राहिले याचे कारण द्यायला हवे. यजमानांनी जाण्याच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हटले, "अंबूला चारचौघांत खाली बघायला लावू नकोस. तू असेपर्यंत तरी." त्यांनी या भावाला मुलासारखे वाढवले होते. मी "हो" म्हटले. तो शब्द मी पाळला. पण तो माझ्या असण्यापुरताच आहे. कचेरीत जन्म काढलेल्या माणसाने मुदत घालून मागितले होते, आणि मी मुदत मोजत आले.

कलम ८. पडदा. सबब, मंडळाच्या सभागृहातला अरण्याचा पडदा मी बयाबाई सखाराम कांबळे हिला देते. बाकीचे सहा पडदे कृष्णातला. माझ्या निधनानंतर एक महिन्याच्या आत, मंडळाची सभा भरलेली असताना, अंबादासभाऊजी अध्यक्षाच्या खुर्चीवर हजर असताना, गणपतरावांनी पंचगंगेचे पाणी भरलेली कळशी आणि एक स्वच्छ फडके घेऊन तिथे जावे. पडद्याचा उजवा कोपरा वीतभर रुंद ओला करावा. घासू नये, नुसते टिपावे. पहिल्यांदा भाऊजींचे नाव जाईल. मग मातीचा रंग जाईल. मग जे उरेल ते वाचता येणाऱ्या कोणाही एकाने मोठ्याने वाचावे. तोपर्यंत भाऊजींना खुर्चीवरून उठू देऊ नये. त्यांना पाणी हवे असल्यास कळशीतले द्यावे.

कलम ९. बँकेतली शिल्लक पावसाळी पगारासाठी कृष्णात आणि गणपतराव यांनी मिळून वापरावी. त्यातून सर्वांत आधी बयाबाईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे. मंडळाला यातले काही जाऊ नये. मंडळाने कृतज्ञता म्हणून माझे नाव एखाद्या दालनाला देऊ केल्यास स्पष्ट नकार द्यावा.

कलम १०. माझी जाऊ लीला हिला माझे शिवणयंत्र आणि हिरवी इरकल. सगळ्या मंडळात बयाबाईला घरच्या कपातून चहा देणारी ती एकटी होती. भाऊजींनी विचारले तेव्हा तिने सांगितले, "चुकून दिला." तिच्या चुका मला माहीत आहेत, म्हणून हे.

कलम ११. अंबादासभाऊजींना मी घाटावर पडदे धुवायचे आमचे शिसवी धोपटणे देते. अठरा वर्षे वापरातले आहे, मुठीकडे गुळगुळीत झाले आहे. हे धंद्यातले असे एकच हत्यार आहे की ज्याला त्यांचा हात कधी लागला नाही.

कलम १२. माझ्या शोकसभेत भाऊजींनी बोलू नये. ते फार चांगले बोलतात, आणि लोक रडतील.

येथे माझे मृत्युपत्र संपले होते.

पुरवणी. त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवायचा म्हणून मी, डोळे अधू झाल्यावर गावी परतलेल्या बयाबाईलाही मलकापूरहून एसटीने बोलावून घेतले होते. तिच्या नावाची सही साक्षीदार म्हणून हवी असा माझा हट्ट होता. गणपतराव म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये."

बयाबाई म्हणाली, "म्हंजे मला कायतरी मिळतंय व्हय?"

गणपतरावांनी तिला कलम आठ वाचून दाखवले. ती डोळे किलकिले करून ऐकत होती. तिला आता माणूस दारात उभा राहिला तर सावलीवरून ओळखावा लागतो.

"कळशी, फडकं, समदं बेस हाय," ती म्हणाली. "पर कवा?"

"बाई गेल्यानंतर," गणपतराव म्हणाले.

"म्हंजे बाई मरायची वाट बघत बसू मी?"

मी तिला समजावून सांगितले की यजमानांना मी शब्द दिला आहे. तिने पदराचे टोक चोळले.

"सबूद तुमी मालकास्नी दिला. नाव माझं हुतं. मला इचारलं हुतं का कुनी?" आणि मग, आवाज न चढवता, "तुमी गेल्यावर त्यो कोपरा मी कुनाला दावू बाई? त्या सभेत माझ्या वळकीचं कोन हाय? आन् तवर माझं डोळं गेलं तर मला तरी कशाला धुवायचा?"

साक्षीदार म्हणून बसलेले गिरणीवाले बाळासो शिंगटे म्हणाले, "वैनी, म्हातारी चुकीचं बोलंना."

मी विचार करायला वेळ मागितला. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. आधण येईपर्यंत मला कळले की शब्दाच्या नावाखाली मी माझीच सोय पाहत होते. सूड घ्यायचा, पण त्या वेळी खोलीत नसायचे. भाऊजींचा चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता, कारण तो उतरला की अकरा वर्षांचा दिसतो.

सबब, कलम ८ मधील "माझ्या निधनानंतर एक महिन्याच्या आत" हे शब्द मी रद्द करते. उद्या महिन्याचा दुसरा रविवार आहे. सकाळी दहा वाजता राजारामपुरीत मंडळाची मासिक सभा असते. कळशी मी स्वतः नेईन. टिपण्याचे काम बयाबाई करील. वाचण्याचे काम मी करीन. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज लावीन. कलम ५ सुद्धा मीच वाचीन. गुरुवारी टेबलावर जे व्हायचे ते होवो.

यजमानांना दिलेला शब्द मी मोडते आहे. ते भेटतील तेव्हा मी उत्तर देईन. मला वाटते ते आधी विचारतील, अंबूला पाणी दिलेस का? दिले म्हणेन.

बाकीची सर्व कलमे कायम. कलम ११ मधले धोपटणे मात्र मी मेल्यावरच द्यावे. मी उरले तर मला ते पुढच्या पावसाळ्यात लागेल.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, दोन्ही साक्षीदारांना ऐकवला, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: कालिंदी नृसिंह मुरगूडकर

साक्षीदार:
१. बाळासो दत्तू शिंगटे, गिरणी चालक, शिवाजी पेठ
२. शालूबाई विठ्ठल साठे, शेजारीण, शिवाजी पेठ

कागद तपासणारे व व्यवस्थापक: गणपतराव हळदकर, वकील

स्थळ: शिवाजी पेठ, कोल्हापूर. दिनांक ८ सप्टेंबर १९७९.

खालची खूण साक्षीची नाही, असे गणपतरावांनी लिहून ठेवायला सांगितले. ती बयाबाईची आहे. उद्यासाठी हात बसतो का ते बघते म्हणाली आणि कागद डोळ्यांजवळ धरून तिने आपले नाव लिहिले, पुढे किंजळाचे पान काढले. पानाच्या शिरा मोजल्या तर बरोबर भरतात.